शिवेवरची सात माणसं

सावरवाडीत एक्केचाळीस माणसं गेली ती भर दुपारी, जेवणं आटोपून लोक ओटीवर जरा लवंडले होते तेव्हा. ओहोटी लागली होती. खाडीच्या चिखलातून आधी दोन, मग दहा, मग मोजता येणार नाहीत इतक्या कुर्ल्या वर आल्या. कुर्ल्या हे लोकांनी दिलेलं नाव. समुद्रातल्या लुटारूंनी बार्जवरून, म्हणजे सपाट बुडाच्या मालवाहू बोटीवरून, सोडलेली रेडकाएवढी, सहा पायांची यंत्रं. पुढच्या दोन नांग्यांत फिरतं पातं. त्यांना माणसं नको होती. छपरावरचे सौरपट, घरोघरच्या बॅटऱ्या, विहिरीच्या पंपातलं तांबं, एवढंच हवं होतं. पण पात्याच्या वाटेत गज आला काय नि मान आली काय, त्याला दोन्ही सारखंच.

ओवी घाडी दुसऱ्या दिवशी मदतीला गेली, तेव्हा तिने एका दाराची कडी घट्ट धरलेला हात पाहिला. हातात हिरवा चुडा होता, एकही बांगडी फुटलेली नव्हती. हाताच्या मागे बाई नव्हती.

सावरवाडी ते हेदवण चार मैल. पुढची पाळी कुणाची हे सांगायला ज्योतिषी नको होता.

कृष्ण अष्टमीला सकाळी जिल्ह्याच्या ट्रकातून हेदवणात बीजघर आलं. दिसायला भाताच्या कणगीसारखं. यंत्राने यंत्र घडवावं ही गोष्ट शास्त्रज्ञ किती वर्षं बोलत होते. जमली ती गेल्या दहा वर्षांत, आणि जमली ती हट्ट सोडल्यामुळे. पूर्वी त्याला शुद्ध धातू लागे, नाजूक सुटे भाग लागत, प्रत्येक यंत्राला वेगळी अक्कल लागे. बीजघराने हे सगळं टाकून दिलं. जांभ्या दगडातलं लोखंड, किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतलं टायटॅनियम आणि ऊन, एवढ्यावर ते चाले. डोकं एकच, कणगीच्या पोटात. बाहेरच्या यंत्रांना नुसते हातपाय आणि हुकूम ऐकायला एक कान. वारुळात कसं, एकेका मुंगीला अक्कल थोडी आणि वारुळाला भरपूर, तसंच.

कणगीबरोबर चार गडी आले होते. गडी म्हणजे कामाचं यंत्र. एक गडी दिवसभर दगड-वाळू आणून कणगीच्या तोंडात टाकी, त्यातून सूर्य मावळेपर्यंत आणखी एक गडी बाहेर पडे. चाराचे आठ, आठाचे सोळा. कणगी दुसरंही एक यंत्र घडवू शके: राखणदार. चार खांबांसारखे पाय, पुढे दोन सुळे, कुर्लीला उचलून आपटणारा. पण एका राखणदारात चार गड्यांचं सामान जाई, आणि राखणदार काही दगड आणत नाही. तो फक्त लढतो. रोज सकाळी कणगीला एवढंच सांगायचं होतं, आज गडी की राखणदार.

सांगायचं कुणी, यावर गावात वाद झाला नाही. बीजघर करणाऱ्यांनी त्याला हुकूम द्यायचा पडदा ‘गढी’ नावाच्या जुन्या संगणकी खेळावरून उचलला होता, कारण देशभर लाखो लोकांचे हात त्यावर आधीच बसलेले होते. आणि सोसायटीचा बर्फाचा कारखाना सांभाळणारी अडतीस वर्षांची ओवी विसाव्या वर्षी त्याच खेळात राज्यात पहिली आली होती. तेव्हा तिला हावरी म्हणत. खेळाच्या पहिल्या चार मिनिटांत बाकीचे तटबंदी उभारत, शिपाई उभे करत. ही एकही शिपाई न करता नुसते कामकरी वाढवत बसे. बाहेरच्या वाड्या जळाल्या तर जळू देई. सातव्या मिनिटाला समोरच्याच्या एका शिपायामागे हिचे नऊ असत.

देवळाच्या सभामंडपात गाव जमलं. ओवीने पडदा खांबाला टेकवून ठेवला.

“आज गडी,” ती म्हणाली. “उद्या गडी. सहा दिवस गडीच.”

“नि सहा दिवस आमका राखतलो कोण? तुझो बर्फ?” निलेशआबा राणे म्हणाले. गावचे मानकरी, वय अठ्ठ्याहत्तर, पण आवाज अजून खळ्यावरचा.

लोक हसले. ओवीही हसली, मग बोटांवर मोजून दाखवू लागली. “आबा, लुटारूंची बार्ज उधाणाशिवाय खाडीच्या तोंडावरचा वाळूचा दांडा ओलांडू शकत नाही. म्हणजे अमावास्येला येणार. आजपासून आठवा दिवस. रोज राखणदारच केले तर तोवर सात होतील.”

“सात काय कमी झाले?”

“सावरवाडीत नव्वद कुर्ल्या होत्या. आणि सहा दिवस गडी केले तर सहाव्या संध्याकाळी दोनशे छप्पन गडी होतात. सातव्या दिवशी ते सगळे मिळून एका दिवसात चौसष्ट राखणदार उभे करतात.”

सात आणि चौसष्ट यांतला फरक कळायला शाळा लागत नाही.

“आमचो जुनो राखणदार, शिवेवरचो देव, एका नारळार भागता,” आबा पुटपुटले. “ह्यो चार गडी खाता.” मग म्हणाले, “पण सावरवाडीत पाच दिवस आधी नऊ कुर्ल्यो येऊन सगळा जोखून गेल्ले. आमच्याकडे दशमीक येतले. तेव्हा पोरांबाळांका खंय ठेवूचा?”

खेळात बाहेरच्या वाडीतली माणसं म्हणजे नुसता आकडा असे, तो कमी झाला की कमी झाला. उत्तर आबांनीच काढलं. “गावपळण करूया.”

हेदवणात दर तीन वर्षांनी गावपळण असते. देवाचा कौल घेऊन सगळं गाव शिवेबाहेर जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्रीमांजरं, सगळी. घरात दिवा नाही, चुलीत निखारा नाही. शिवेच्या आत श्वास घेणारा जीव ठेवायचा नाही, असा नेम. यंदा पाळी नव्हती, पुढच्या सालची होती. समीर गुरवाने न्हाऊन देवाला फुलांच्या पाकळ्या लावल्या, आबांनी गाऱ्हाणं घातलं: अमावास्येपर्यंत लेकरांक भायर ठेव, बा देवा, आणि परत आत घे. सगळ्यांनी श्वास रोखला. उजवी पाकळी पडली. कौल मिळाला.

त्याच दुपारी कणगी गाडीवर चढवून शिवेबाहेरच्या जुन्या चिरेखाणीत नेली. जांभा तिथे हाताशी होता आणि खोल खाणीतलं काही खाडीवरून दिसत नव्हतं. आठवड्याभराचे तांदूळ बांधून गाव मागोमाग गेलं. संध्याकाळी आठ गडी होते.

खोट काढली ती ओवीच्या वडिलांनी. अभिजित घाडी, सत्तरीचे, बंदरातून निवृत्त झालेले. ओवी स्पर्धांची तयारी करायची तेव्हा समोर खेळायला दुसरं कुणी नसे, म्हणून हे बसत. दर वेळी पहिल्याच मिनिटापासून शिपाई काढत, आणि दर वेळी हरत. नवमीला पहाटे ते खाणीच्या काठावर तिच्याशेजारी येऊन बसले.

“बाय, एक इचारू? मी टेहळे धाडलंय नि तुझी गढी रिकामी दिसली, तर मी काय करी?”

“होतं नव्हतं ते सगळं सैन्य तेव्हाच माझ्यावर टाकायचात.”

“मग तो बार्जीवरचो काय येडो असा? दशमीक तेका गाव रिकामा दिसतला. तो उधाणाची वाट बघूचो नाय. होड्येत घालून दुसऱ्याच दिवशी तीस-चाळीस कुर्ल्यो धाडीत, नि ह्यांका हुडकून काढीत.” त्यांनी खाणीत झोपलेल्या माणसांकडे मान हलवली.

ओवीला ते माहीत होतं. आदल्या सकाळपासून माहीत होतं.

“दोन राखणदार दाखवायला हवेत,” ती म्हणाली. “शिवेवर. मार बसला की तो थांबेल, अमावास्येला पूर्ण ताकदीने येईल. पण आज दोन राखणदार केले तर आजचे सगळे नवे गडी त्यात जातात. तिथून पुढे रोज निम्मं. सातव्या दिवशी चौसष्टाचे बत्तीस.”

“बत्तिसांत भागात?”

“नाही.”

वडिलांनी पडदा जवळ ओढला. गडी हिरव्या ठिपक्यांनी दिसत. खाणीतली माणसं करड्या ठिपक्यांनी. “ह्यो करडो मी?”

“हो. ‘बिनकामाचे’ म्हणून दाखवतंय.”

“बरोबर दाखवता.” ते हसले. “दोन राखणदार म्हणजे आठ गडी. नि सात म्हातारे म्हणजे किती गडी?”

ओवीने पडदा परत आपल्याकडे ओढून घेतला.

“एकूय नाय,” वडीलच म्हणाले. “आबा येतत, समीर येता, आनी चार जण असत. रानडुकरांच्यो बंदुको असत, माकडां हाकलूचे सुतळी बॉम्ब असत. सात जणांनी सात ठिकाणांसून आवाज काढलो तर वीस वाटतत. रात्रीच ठरला आमचा. आबा तर म्हणतत, शिवेच्या दगडाच्या भायल्या अंगाक पाय ठेवन उभो ऱ्हवतलंय, नेमूय मोडूचो नाय.”

नाही म्हणायची एक घटका होती. ओवीने ती हिशेबात घालवली: सोळा, बत्तीस, चौसष्ट. सूर्य वर आला तेव्हा तिने ‘गडी’ दाबलं.

दशमीला ओहोटी दुपारी दोनला पुरी झाली. पडद्यावर चिखलातून नऊ लाल ठिपके निघाले. खाणीत गड्यांची पाती दगड कापत होती, आणि ओवीच्या मांडीवर वॉकीटॉकी होता. मागे तिची आई, दीपाली, पदर दातांत धरून उभी होती.

“येतत,” वडिलांचा आवाज आला. “रांगेत येतत मेल्यो. लग्नाक आल्यासारख्यो.”

पहिला बार आबांचा. मग इकडून तिकडून सुतळी बॉम्ब, एकामागून एक; दिवाळी पेटल्यासारखी शीव दणाणली. लाल ठिपके थबकले. एक विझला.

“पडली! आबांनी डोळ्यात घातल्यान!”

दुसरी समीर गुरवाने पाडली, पण ती पडता पडता त्याच्यावरच आली. त्याचं ओरडणं वॉकीटॉकीशिवायही खाणीत ऐकू आलं. पात्याने त्याचा उजवा हात कोपरापासून नेला होता. तो गडगडत खाली ओढ्यात गेला, म्हणून पुढे जगला. कुर्ल्यांना एव्हाना कळलं होतं की आवाज वीस असले तरी अंगं सात आहेत. त्या पसरल्या. निलेशआबा शिवेच्या दगडाला पाठ लावून उभे होते. दुसरी गोळी भरताना नांगी त्यांच्या पोटातून आरपार जाऊन मागच्या दगडावर खणाणली. ते दृश्य ओवीने पाहिलं नाही. तिने एक करडा ठिपका गेलेला पाहिला. मग आणखी एक. मग दोन एकदम.

“गडी धाड,” आई म्हणाली.

सोळा गडी पाचशे पावलांवर होते. जांभा कापणारी पाती त्यांच्या हातांत होती. ते गेले असते तर सात कुर्ल्यांना भिडले असते, चार-पाच परत आले असते, आणि शिवेवरची दोन-तीन माणसं वाचली असती. अमावास्येला मग काही उरलं नसतं.

“ओवी, धाड तेंका. तुझो बापूस थंय असा.”

“आई, सोळाच आहेत.”

“मग?”

वॉकीटॉकीत वडील धापा टाकत होते. “तिसरी पाडलंय. बाय, ऐकतंस मा? गडी हलव नको. तेंका दिसतले. हलव नको, सांगतंय.” मग ते काहीतरी दुसरं बोलायला लागले आणि ते बोलणं मध्येच दुसऱ्याच आवाजात बदललं. माणसाच्या गळ्यात असा आवाज असतो हे ओवीला ठाऊक नव्हतं. तो थांबेना. कुठे बघावं कळेना म्हणून ती पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे बघत राहिली. एक मिनिट चाळीस सेकंद.

तिचं बोट पडद्यावर होतं. ते हललं नाही.

चारच्या सुमारास सहा कुर्ल्या चिखलात परतल्या. बार्जवर बसलेल्याला कळवायला त्यांच्याकडे बातमी होती: हेदवणात राखण आहे, तीन मोडल्या, घाईने जाऊ नये. संध्याकाळी कणगीतून सोळावा नवा गडी बाहेर आला. बत्तीस.

सातांतले सहा गेले. शिवेबाहेर, खाणीच्या वरच्या माळावर एकादशीला सकाळी सहा चिता पेटल्या. वडिलांचं जेवढं सापडलं तेवढं चादरीत बांधून ठेवलं होतं. आईचा एकादशीचा निरंकार उपास होता. चाळीस वर्षांत तिने तो मोडला नव्हता. द्वादशीला पारणं फेडायला ओवी भाताची पेज घेऊन गेली.

“ठेव थंय,” आई म्हणाली. पेज तशीच गार झाली. दुपारी आईने शेजारणीच्या हातून घेतली.

पण गावातलं दुसरं कुणी ओवीला वावगं बोललं नाही. उलट तिला बघून वाट देत, उठून उभे राहत. तेच तिला जास्त लागलं. बत्तिसांचे चौसष्ट झाले, त्यांचे एकशे अठ्ठावीस, त्यांचे दोनशे छप्पन. खाणीची एक भिंत कापून कापून माळाला जाऊन भिडली. चतुर्दशीला सकाळी तिने पहिल्यांदा दुसरं बटण दाबलं, आणि दिवे लागेपर्यंत चौसष्ट राखणदार एकामागे एक खाणीबाहेर चढून उभे राहिले.

अमावास्येला दुपारी बार्ज दांडा ओलांडून आत आली. चौऱ्याण्णव कुर्ल्या चिखलात उतरल्या. ओवीने त्यांना शिवेपर्यंत येऊ दिलं, मग दोन्ही बाजूंनी राखणदार सोडले. पुढे जे झालं त्याला लढाई म्हणायची तर गोठ्यातल्या कापाकापीला सण म्हणावं लागेल. सुळा खाली घालायचा, कुर्ली उलथी करायची, पोटावर पाय द्यायचा. चिखलावर तेलाचा काळा तवंग आला. एकवीस राखणदार मोडून पडले, पण एकही कुर्ली शिवेच्या आत गेली नाही. उरलेले त्रेचाळीस पाण्यात घुसून बार्जवर चढले.

बार्जवर अकरा माणसं होती. राखणदाराच्या डोळ्यातून ती ओवीला दिसत होती. एकाच्या हातात तिच्याच पडद्यासारखा पडदा होता. त्याने तो खाली ठेवला आणि हात वर केले. मग बाकीच्यांनीही केले. ‘थांबा’ हे बटण पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात, अंगठ्याखालीच असतं. ओवीने ते दाबलं, पण बारा सेकंदांनी. तोवर हात वर केलेले तिघेच उरले होते. बाकीचे पाण्यात आणि पत्र्यावर विखुरले होते, कुठला भाग कुणाचा ते सांगता येऊ नये असे.

खाणीत लोकांनी जल्लोष केला. आई मागे उभी राहून पडद्याकडे बघत होती. ती ओवीकडे बघून एवढंच म्हणाली, “हात वर केल्ले तेंनी. माका हंयसून दिसले.”

चार दिवसांनी जिल्ह्याच्या अधिकारी नीलाक्षी मोहिते आल्या. समुद्रात एकच बार्ज नव्हती. किनाऱ्यावरच्या एकोणीस गावांत बीजघरं पोचत होती. मोहिते बाईंनी सगळं बारकाईने लिहून घेतलं. त्या वाईट नव्हत्या. समीर गुरवाच्या कृत्रिम हाताची सोय त्यांनी तिथेच करून टाकली. मग म्हणाल्या, “ओवीताई, ज्यांना बीजघर आधी मिळालं त्या बाकीच्या सगळ्या गावांनी दुसऱ्याच दिवशी घाबरून राखणदार केले हो. त्यातली तीन गावं बुडाली. तुमचं गणित एकदम चोख आहे. मी पुस्तिकेत घालतेय: दुसरा दिवस, गडीच. शिवेवर सात स्वयंसेवक, शक्यतो साठीच्या पुढचे.”

“ते गणितात नव्हतं,” ओवी म्हणाली. “ते बाबांनी ठरवलं.”

“पण चाललं ना?”

चाललं होतं. मोहिते बाईंनी तिला बाणशेतला जायला सांगितलं. तिथलं बीजघर शुक्ल अष्टमीला येणार होतं; पडदा सांभाळणारी नवीन होती, तिला शिकवायचं.

निघताना ओवीने आईला सांगितलं. आई तुळशीला पाणी घालत होती. पाठ न वळवता तिने विचारलं, “थंय किती माणसां ठेवतलंस?”

बाणशेतची रोझलीन फर्नांडिस प्राथमिक शाळेत शिकवायची. वय तीस-बत्तीस, हातावर खडूचे पांढरे डाग. गढी ती शाळेतल्या पोरांबरोबर खेळली होती, बऱ्यापैकी खेळली होती. पहिल्या दिवशी तिने न सांगता गडी दाबला. बाणशेतला गावपळण नव्हती, पण त्यांनी बायकापोरं डोंगरापलीकडच्या चॅपलमध्ये हलवली होती. नवमीला पहाटे ती ओवीसमोर कागद घेऊन उभी राहिली.

“ही सात नावं. फादरनी पुस्तिका मोठ्याने वाचली तेव्हा अकरा जणांनी हात वर केले हो ताई. मी त्यांतले सात निवडले. बघून घ्या ना, बरोबर आहेत का?”

“निवडले कसे?”

“ज्यांची मुलं परदेशात आहेत ते.” तिने मान खाली घातली. “तिसरं नाव माझ्या सासऱ्यांचं आहे. ते परदेशवाल्यांत बसत नाहीत. पण त्यांना वगळलं तर लोक काय म्हणतील?”

ओवीने पेन मागितलं. तिसरं नाव खोडलं आणि तिथे आपलं लिहिलं.

“हे काय? तुम्ही शिकवायला आलात.”

“आता काही शिकवायचं राहिलं नाही. तुला येतंय.”

“पण पौर्णिमेला नव्वद कुर्ल्या येतील! तेव्हा पडद्यावर तुम्ही हव्यात. तुम्हाला काही झालं तर...” रोझलीनने पडदा पुढे केला. सूर्य अजून वर यायचा होता. दोन बटणं वाट बघत होती. “तुम्हीच दाबा. गडी की राखणदार, तुम्ही सांगाल ते.”

“मी दाबलं होतं एकदा,” ओवी म्हणाली. “उद्या दुपारी मी शिवेवर असेन. आता तू दाब. काय दाबलंस ते मला सांगू नकोस.”

ती बाहेर पडली. दिवसभर तिने पडद्याकडे पाहिलं नाही, कणगीकडे गेली नाही. एका म्हाताऱ्याकडून बंदूक भरायला शिकली.

दशमीला शिवेवर सात जण होते. शीव म्हणजे एक गडगा, दगडांची नुसती रचलेली भिंत, आणि त्यापलीकडे मुरमाड भरडाचा उतार. राखणदार कुठेच दिसत नव्हते. म्हणजे गडी दाबला, ओवी मनात म्हणाली, आणि तिला रोझलीनचा राग आला नाही. शेजारी सायमन नावाचे एक म्हातारे होते, पूर्वीचे तांडेल, मच्छीमार होडी हाकणारे.

“तू त्या हेदवणची मा गो? हावरी म्हणतत ती?”

“व्हय.”

“बंदूक उलटी धरलंस.”

ओवीने सुलटी केली. म्हातारे खो खो हसले, आणि हसता हसताच थांबले. खाली चिखल हलत होता. नऊ. पडद्यावर लाल ठिपके असतात, इथे त्यांना वास होता: तेल, कुजकं शेवाळ, आणि पात्यांच्या खाचेत अडकलेलं काहीतरी जुनं मांस. बाबांनी चेष्टा कशी केली असेल इथे उभं राहून? लग्नाक आल्यासारख्यो.

सायमननी पहिला बार काढला. लागला नाही. डावीकडचा माणूस सुतळी बॉम्ब पेटवायला वाकला आणि पहिल्या कुर्लीने उडी घेऊन त्याचा खांदा फाडला. रक्त ओवीच्या चेहऱ्यावर गरम येऊन पडलं. तिने गोळी झाडली. कुर्लीचा एक पाय तुटला, ती पाच पायांवर वळली आणि तिच्याकडे आली.

तेव्हा पायाखालची जमीन दणाणली. मागच्या काजूच्या बागेतून, फांद्या मोडत, दोन राखणदार आले. रोझलीनने त्यांना तिथे दडवून ठेवलं होतं. पहिल्याने ओवीच्या डोक्यावरून सुळा पुढे घातला, कुर्ली उचलली आणि गडग्यावर आपटली. दुसरा उतारावर घुसला.

“ह्ये कधी केले गो?” सायमन ओरडले.

“काल!” ओवी ओरडली.

काल. नवमीला. म्हणजे पौर्णिमेला हाताशी चौसष्ट नसतील. नवे बत्तीस आणि हे दोन, वाचले तर. समोर नव्वद. कसं लढायचं ते तिला अजिबात सुचत नव्हतं; पाच दिवसांत सुचायलाच हवं होतं. फाटल्या खांद्याचा माणूस तिच्या पायाशी कण्हत होता, पण कण्हत होता, जिवंत होता. तिने एका हाताने त्याची जखम दाबून धरली. रोझलीनच्या जागी ती असती तर तिने गडीच दाबला असता, हे तिला पक्कं माहीत होतं.

उतारावरून आणखी दोन कुर्ल्या वर चढल्या. ओवीने दातांनी काडतूस काढलं आणि बंदूक पुन्हा भरली.